झाकली मूठ

संपादकांचे पत्र आषाढातच आले. ‘दिवाळी अंक आजीपासून नातवापर्यंत सारे वाचतात, तेव्हा काही खुसखुशीत द्या,’ असा त्यांचा आग्रह. मीही तसे कबूल केले होते. परंतु चार वेळा कागद पुढे ओढला आणि चारही वेळा एकच घर डोळ्यांपुढे येऊन उभे राहिले. तेव्हा चकली-कडबोळ्यांच्या ताटाशेजारी हा विषय मांडल्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो आणि मुद्द्याला हात घालतो. ज्या गोष्टी सणासुदीला बोलू नयेत म्हणून आपण गिळतो, त्या आपण एरवीही कधी बोलत नाही, असा माझा अनुभव आहे.

गेल्या वर्षी गौरी-गणपती उठले, त्यानंतरची गोष्ट. रात्री नवाच्या सुमारास एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. बँकेत कारकून, सरळमार्गी, वीस वर्षांची ओळख. आत आले आणि म्हणाले, “सर, दार लावून घेता का?” मी दार लावले. तरी ते कुजबुजतच बोलले.

त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. स्कूटरच्या डिकीत, शर्टाबरोबर जादा बटणे ठेवायला देतात तेवढीशी एक प्लॅस्टिकची पुडी सापडली. आत पांढरे कण. मुलाने फारसे आढेवेढे न घेता कबूल केले : एमडी. आधी अधूनमधून, वर्षभर जवळजवळ रोज. ते ऐकल्यावर आईबापांनी सर्वांत आधी काय केले असेल? खिडक्या लावल्या. मुलाला माडीवरच्या खोलीत ठेवले, बाहेरून कडी घातली आणि शेजारीपाजारी सांगितले की त्याला कावीळ झाली आहे. दोन दिवस तो मेल्यासारखा झोपला. तिसऱ्या दिवशी उठला आणि चार माणसांचे जेवण जेवला. आईच्या डोळ्यांना पाणी आले. तिने शिरा केला. पाचव्या दिवशी ‘सुटले एकदाचे’ म्हणून गणपतीपुढे नारळ फोडला. त्यानंतर मुलगा बोलेनासा झाला. आदळआपट नाही, पैशांची मागणी नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडलेला. “आई, कशातच काही वाटत नाही गं,” एवढेच एकदा म्हणाला. काविळीचे निमित्त फार दिवस पुरणार नव्हते, म्हणून नवव्या दिवशी कडी काढली. दहाव्या रात्री आई पाणी प्यायला उठली, तेव्हा गच्चीचे दार उघडे दिसले. तिने त्याचा हात कठड्यापाशी धरला. तिला तहान लागली म्हणून तो मुलगा आज आहे.

आणि एवढे सांगून झाल्यावर त्या गृहस्थांनी मला विचारले, “सर, कुणाला न कळता काही करता येईल का?”

‘कुणाला न कळता’ — या तीन शब्दांशी माझे भांडण आहे. हा लेख त्या भांडणाचा आहे.

मी डॉक्टर नव्हे, वकील नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. परंतु त्या रात्रीनंतर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे आणि एका जुन्या वकील स्नेह्यांकडे मी इतक्या खेपा घातल्या, की निदान आपले अज्ञान किती खोल होते एवढे मला कळले आहे. ते अज्ञान माझ्या एकट्याचे असते तर लिहिण्याचे कारण नव्हते.

आधी या पांढऱ्या कणांचे कूळ सांगतो. मेथअँफेटामाइन नावाचे एक द्रव्य नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८९३ साली तयार केले. १९१९ साली अकिरा ओगाता याने त्याचे स्फटिक बनवले. जर्मनीत १९३८ पासून त्याच्या गोळ्या ‘पर्विटिन’ या नावाने उघड विकल्या जात आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी त्या वाटल्या गेल्या. जपाननेही तेच केले. युद्ध संपल्यावर उरलेला साठा बाजारात आला आणि हरलेल्या, उपाशी देशातली तरुण माणसे त्याला लागली. अखेर १९५१ साली जपानला त्यावर बंदीचा कायदा करावा लागला. आपल्याकडे ज्याला एमडी म्हणतात ते मेफेड्रोन याच गोत्रातले. १९२९ साली ते प्रथम तयार झाले, पुढे सत्तरेक वर्षे विस्मरणात पडून राहिले आणि या शतकात जगभर पसरले. भारतात २०१५ साली ते बंदीच्या यादीत आले.

आपली एक आवडती समजूत अशी, की ही पीडा परदेशातून येते आणि बड्या घरच्या बिघडलेल्या पोरांना लागते. वाचकहो, २०२२ साली नालासोपाऱ्यात मुंबई पोलिसांनी सातशे किलो मेफेड्रोन पकडले. २०२३ साली नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखानाच सापडला. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून निघालेला माग सांगली आणि दिल्लीपर्यंत काढला आणि दीड हजार किलोंहून अधिक माल जप्त केला. ज्या वसाहतींत आपली मुले नोकरीला लागावीत म्हणून आपण नवस बोलतो, तिथेच हे रांधले जात होते. घराघरांत त्याला गिऱ्हाईक असल्यावाचून कोणी किलोंच्या राशी रांधीत नाही. ते गिऱ्हाईक कोण? कोणाचा तरी मुलगा. तो शेजाऱ्याचाच असेल, अशी आपली खात्री असते आणि शेजाऱ्याची खात्री आपल्याविषयी असते.

आता त्या नारळाकडे येतो. दारू किंवा गर्द सोडणाऱ्याचे हाल डोळ्यांना दिसतात : हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात, माणूस तळमळतो. एमडी आणि मेथअँफेटामाइन यांचे तसे नसते. ही द्रव्ये मेंदूतली सुखाची आणि उमेदीची रसायने एका दमात उधळून लावतात. पदार्थ थांबला, की दिवाळे निघालेल्या पेढीसारखी अवस्था होते. पहिले काही दिवस माणूस नुसता झोपतो आणि खातो. घरच्यांना वाटते, गुण आला. खरी परीक्षा त्यापुढे असते. झोप पुरी झाल्यावर येते ती उदासी : गाणे ऐकावे तर कान बधिर, क्रिकेट पाहावे तर डोळे कोरडे, आईच्या हातचा शिरा मातीसारखा. पहिले आठ-दहा दिवस ही अवस्था जोराची असते, पुढे काही आठवडे रेंगाळते आणि मधूनमधून पदार्थाची ओढ महिनोन्‌महिने उसळते. या काळात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येणे हाच सर्वांत मोठा धोका, असे डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा सांगितले. म्हणजे ज्या दिवसांत मुलाला एक क्षण एकटे सोडू नये, नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याला एकट्याला खोलीत कोंडतो, आणि तो निजून राहिला की ‘आळशी’, ‘निर्लज्ज’ म्हणून उद्धार करतो.

यावर हमखास औषध आहे का? नाही. खोकल्याला अडुळसा, तसे या व्यसनाला एखादे औषध अजून निघालेले नाही. अमेरिकेत चारशे रुग्णांवर नाल्ट्रेक्सोन आणि ब्युप्रोपिऑन ही दोन औषधे एकत्र देऊन पाहिली. २०२१ साली निकाल आला, तो असा की शंभरांतल्या तेरा-चौदांना गुण आला, तर दिखाऊ औषध घेणाऱ्यांत दोन-तीनांना. हा फरक खरा आहे. पण त्या भरवशावर कोणी नारळ फोडू नये. आजवर सर्वांत जास्त उपयोग दिसला तो साध्या वाटणाऱ्या उपायांचा : ठराविक दिवशी येऊन डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलणे, ओढ कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत, कोणत्या रस्त्यावर उसळते ते ओळखायला शिकणे, घरच्यांनाही त्या बोलण्यात बसवणे, आणि लघवीची तपासणी स्वच्छ आली, की दर वेळी एक लहानसे बक्षीस.

हे शेवटचे ऐकून एक सेवानिवृत्त गृहस्थ माझ्यावर उखडले. “व्यसन केले नाही म्हणून बक्षीस? मग आम्ही आयुष्यभर केले नाही, आम्हाला काय?” मी त्यांना विचारले, “कामावर जाणे हे तुमचे कर्तव्यच होते. मग दिवाळीचा बोनस घेताना तो कधी परत केलात का?” पहिलीतल्या पोराने ‘अ’ गिरवला की आपण पाटीवर चांदणी काढतो. ज्याच्या मेंदूतून आनंदच वजा झाला आहे, त्याला आनंदाची मुळाक्षरे पुन्हा गिरवायची असतात. त्याची चांदणी आपल्या डोळ्यांत खुपावी, हा आपल्या मनाचा कोतेपणा आहे. आणि हे गिरवणे वाया जात नाही. वर्ष-सव्वा वर्ष मेथअँफेटामाइनपासून दूर राहिलेल्यांच्या मेंदूची छायाचित्रे शास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केली. सुखाच्या रसायनाची विस्कटलेली व्यवस्था बऱ्याच अंशी सावरलेली त्यांत दिसते. वर्ष-सव्वा वर्ष! आपण पाचव्या दिवशी प्रसाद वाटतो.

‘लग्न करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल,’ हा त्या घरातल्या वडीलधाऱ्या काकांचा सल्ला होता. मुलगा एकोणीस वर्षांचा, म्हणजे कायद्याने लग्नाच्या वयाचाही नव्हे, हे त्यांच्या गावी नव्हते. ते सोडा. दुसऱ्याची लेक म्हणजे काय औषधाची बाटली आहे? आणि दुसरा सल्ला त्याहून भयंकर : ‘एक केंद्र आहे, तिथे बांधून ठेवतात, चार फटके देतात, तीन महिन्यांत सरळ करून पाठवतात.’ २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाधीन माणसाला आजारी माणसाचे सारे हक्क दिले आहेत. त्याला साखळीने बांधणे हा त्या कायद्याचा सरळ भंग आहे. जिथे भेटायला मनाई आहे, जिथे डॉक्टरांचे नाव कोणी सांगत नाही आणि नोंदणीचा कागद दाखवत नाही, तिथे पैसे भरून पोटचा गोळा सोपवणारे आईबाप मी पाहिले आहेत. त्यांना मुलगा बरा व्हायला हवा असतो, पण त्याहून अधिक, तो दृष्टिआड व्हायला हवा असतो.

आणि याच महाराष्ट्रात दुसरी वाट मळलेली आहे. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले, त्यामागे पु. ल. देशपांडे यांची देणगी होती. ज्या माणसाने महाराष्ट्राला हसवले, त्याला या विषयाची शिसारी आली नाही. त्याचे विनोद पाठ म्हणणाऱ्या आम्हाला मात्र येते.

आता मी माझ्याच पायाशी येतो. त्या रात्री बोलता बोलता ते गृहस्थ म्हणाले, “सर, तुमच्या शाळेत होता तोवर चांगला होता हो. दाखल्यावर तुम्हीच लिहिले आहे.” मी खाली पाहिले. हा मुलगा नववीत असताना त्याच्या कंपासपेटीत अशीच एक पुडी सापडली होती. शाळेत बंद दाराआड बैठक झाली. शाळेचे नाव, दहावीचा निकाल, पालकांत होणारी चर्चा, सगळ्यांचा विचार झाला. मुलाचा तेवढा राहिला. वडिलांना बोलावून सांगितले, की ‘त्याचे अभ्यासात लक्ष नाही, दुसरी शाळा बघा.’ पुडीचा उच्चार कोणी केला नाही. दाखला तयार झाला. ‘वर्तणूक : चांगली.’ ते अक्षर माझे आहे. सुंठीवाचून खोकला गेला, असे आम्ही त्या दिवशी चहा पिताना म्हणालो. त्याच्या बापाला त्या दिवशी खरे सांगितले असते, तर चार वर्षे हाताशी होती. हे मी त्यांना त्या रात्री सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.” या क्षमेने मला जेवढे टोचले तेवढे शिव्यांनी टोचले नसते.

राहिला कायद्याचा बागुलबुवा. ‘दवाखान्यात नेले तर पोलीस येतील,’ ही भीती घरोघर असते आणि तिच्यामुळे पोरे खोलीत कुजतात. आधी हे स्पष्ट असू द्या, की रुग्णाची माहिती गुप्त राखली जाणे हा २०१७ च्या त्याच कायद्याने दिलेला हक्क आहे. उपचाराला आलेल्याला डॉक्टर बेड्या घालत नाहीत.

अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. पोलिसांच्या तोंडी एनडीपीएस. तो कडक आहे, याविषयी कोणाच्या मनात भ्रम नको. नुसते सेवन हाही त्याखाली गुन्हा आहे. पदार्थ पाहून सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. जवळ बाळगण्याची शिक्षा वजनावर ठरते. मेथअँफेटामाइन काय किंवा मेफेड्रोन काय, दोन ग्रॅमपर्यंत ‘अल्प’ प्रमाण : एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पन्नास ग्रॅमच्या वर ‘व्यापारी’ प्रमाण : निदान दहा वर्षे, वीसपर्यंत सक्तमजुरी, निदान एक लाख रुपये दंड, आणि आरोपी निर्दोष असावा असे न्यायालयाला सकारण वाटल्याखेरीज जामीनही नाही. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भेसळीसह पुडीचे सगळे वजन मोजायचे. म्हणजे पाच मित्रांनी वर्गणी काढावी, एकाने जाऊन आणावे, विकणाऱ्याने त्यात वाटेल ते मिसळलेले असावे, आणि वाटेत झडती व्हावी. ते सारे वजन त्या एकाच्या माथी. कॉलेजातल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? आम्ही त्यांना काटकोन त्रिकोण शिकवतो. दोन ग्रॅमचे हे गणित कोणीच शिकवीत नाही.

परंतु याच कायद्यात एक दार आहे, त्याचे नाव कलम ६४-अ. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात आपण होऊन उपचाराला गेला आणि तो घेत राहिला, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालू शकत नाही. उपचार अर्धवट सोडला, तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. आणि खटला होऊन दोषी ठरला, तरी कलम ३९ प्रमाणे न्यायालय अशा माणसाला तुरुंगाऐवजी बंधपत्रावर उपचारांसाठी सोडू शकते. ज्या कायद्याला आपण भितो, त्याने दवाखान्याकडे बोट दाखवून ठेवले आहे. ‘आपण होऊन’ हे त्यातले मोलाचे शब्द आहेत. खिडक्या लावून बसलेले घर आपण होऊन कुठेच जात नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही व्यसनी माणसाची कड घेता. मग विकणाऱ्यांचेही लाड करा! छे. विकणाऱ्यासाठी हा कायदा आहे त्याहून सैल व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. माझी तक्रार उलट आहे. सेवन करणारा गुन्हेगार ठरला, की तो आणि त्याचे घर तोंड शिवून बसते आणि विकणाऱ्याला याहून सुरक्षित जागा कोणती? आपली अब्रू ही त्याच्या धंद्याची तिजोरी आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असे दिसले, की बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस माणसांत जेमतेम एकाला कधी काळी उपचार मिळाला. उरलेल्या एकोणिसांपैकी काहींना दवाखानाच जवळ नव्हता. सरकारला त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण काहींना नक्कीच कावीळ झाली होती.

तो मुलगा दुसऱ्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखल झाला. पाच आठवडे राहिला. मार्गशीर्षात पुन्हा एकदा घसरला आणि बापाचा फोन आला, “सर, संपले सगळे.” डॉक्टरीणबाई मात्र शांत होत्या. “मलेरिया उलटला तर तुम्ही डॉक्टर सोडता का?” एवढेच त्यांनी विचारले. तो पुन्हा गेला. दर सोमवारी जातो. परवापर्यंत आठ महिने झाले. पुढचे कोण सांगू शकणार?

श्रावणात ते गृहस्थ पुन्हा आले, या खेपेला दिवसाउजेडी. मी हे सारे लिहू का, असे विचारले, तेव्हा म्हणाले, “लिहा. नाव तेवढे पोराचे घालू नका, त्याला नोकरी शोधायची आहे.” मग सांगू लागले, “आता कोणी विचारले तर कावीळ म्हणत नाही, सर. खरे सांगतो. दोन घरे यायची बंद झाली. आणि एक जण रात्री आला. दार लावून घ्या म्हणाला.”

तुमच्याकडे तसा कोणी आला तर दार लावून घ्या, त्याला पाणी द्या आणि सगळे ऐकून घ्या. मात्र ‘कुणाला न कळता’ काही सुचवू नका. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा बिनखर्चाचा दूरध्वनी आहे. मनाच्या आजारासाठी १४४१६, तिथे मराठीतून बोलता येते. तेवढे आकडे लिहून द्या आणि सकाळी त्याच्याबरोबर रुग्णालयात जा.